विजेच्या गिअरचा अट्टाहास

पन्नाशीला टेकलेला एखादा गृहस्थ शंभर-दोनशे किलोमीटरांचा पल्ला मारता येईल अशी सायकल घ्यावयास निघाला, की दुकानदार त्याच्यापुढे दोन शब्द जोडीने ठेवतो : डिस्क ब्रेक आणि इलेक्ट्रॉनिक गिअर. जणू काही ही जुळी भावंडेच. एकास घरी आणून दुसऱ्यास मागे ठेवणे म्हणजे पातक! आमचा वाद आहे तो या जोडीशी. यांतली पहिली वस्तू गरजेची आहे, दुसरी हौसेची. हौसेला आमचा विरोध नाही. परंतु गरजेच्या पाठीवर बसवून ती ग्राहकाच्या गळ्यात बांधण्याचा जो व्यवहार आज राजरोस चालला आहे, त्याविषयी दोन शब्द स्पष्ट बोलणे आवश्यक झाले आहे.

प्रथम डिस्क ब्रेकला त्याचे श्रेय देऊ. बेळगावाहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरणाऱ्याने भर पावसात जुना रिम ब्रेक एकदा तरी दाबून पाहावा. रबराचा ठोकळा आधी ओल्या रिमवरचे पाणी पुसतो आणि मग पकड घेतो. तेवढ्या अवधीत वळण अंगावर आलेले असते. लांब उतारावर सतत घासल्याने रिम तापते, झिजते, आणि ती कार्बनची असली तर उष्णतेने दगाही देते. डिस्क ब्रेकने हे घर्षण रिमवरून काढून चाकाच्या मध्याशी नेले. आणखी एक लाभ असा, की रिमला कवटाळणारा ब्रेक गेल्यामुळे टायरला जागा मोकळी झाली. पूर्वी पंचवीस-अठ्ठावीस मिलिमीटरांच्या पुढे जाता येत नसे. आज दीर्घ पल्ल्याच्या सायकलीत बत्तीस आणि त्याहूनही रुंद टायर बसतो. त्यात हवा कमी भरता येते, आणि खडबडीत रस्त्याचे धक्के पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचत नाहीत. शर्यतीच्या जगाने या ब्रेकला पुष्कळ आढेवेढे घेतले. २०१६ च्या पॅरिस-रुबे शर्यतीत एका स्वाराने आपल्या जखमेचा दोष डिस्कला दिल्यावर प्रयोग थांबविण्यात आला, आणि संपूर्ण परवानगी २०१८ मध्ये मिळाली. ब्रेकमधील तेलाचे पथ्य मात्र सांभाळावे लागते. खनिज तेलाच्या ब्रेकमध्ये मोटारीचे ब्रेक-ऑइल ओतले तर आतील रबर खराब होते. एवढे पथ्य पाळण्याजोगा हा लाभ आहे.

आता विजेचा गिअर. कळ दाबली की इशारा जातो, चिमुकली मोटर फिरते, डिरेलर सरकतो आणि साखळी नेमक्या चकरीवर पडते. तार ताणली जात नाही, की चिखलाने जड होत नाही. ज्यांची बोटे संधिवाताने आखडली आहेत, त्यांना हे खरोखरीच वरदान आहे. त्यांनी तो अवश्य घ्यावा. पण घाट चढतो तो बोटांच्या बळावर नव्हे, मांड्यांच्या. चढावर उपयोगी पडते ते गिअरांचे प्रमाण. पुढे चौतीस दात्यांची चकरी आणि मागेही चौतीसची असली, की पॅडलच्या एका फेऱ्यास चाकाचा एकच फेरा होतो आणि दमलेला माणूसही चढ काढतो. ही सोय तारेच्या गिअरातही तंतोतंत तीच मिळते. मग कित्येक हजार रुपये अधिक मोजून मनुष्य विकत घेतो काय? अंगठ्याच्या दोन घटका विश्रांतीखेरीज दुसरे काही नाही.

यावर कोणी म्हणेल, तुम्ही आंरी देग्रांजचे वारस दिसता! १९०३ मध्ये टूर द फ्रान्स सुरू करणाऱ्या या गृहस्थाने आपल्या शर्यतीत डिरेलरला वर्षानुवर्षे थारा दिला नाही. तो शिरकाव १९३७ मध्ये झाला, आणि आज त्या हट्टाला सारे हसतात. हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, पण उपमा चुकली आहे. डिरेलरने स्वाराला पूर्वी अशक्य असलेला चढ शक्य करून दिला. विजेच्या गिअरने तसा एकही नवा चढ शक्य केलेला नाही. सामर्थ्य वाढविणारी सुधारणा आणि केवळ सोय वाढविणारी सुधारणा यांना एकाच तराजूत घालणे हा विचार नव्हे, विक्रीकौशल्य आहे.

आणि या सोयीची किंमत केवळ रुपयांत मोजून भागत नाही. आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त शिक्षक गोव्याहून परतीच्या वाटेवर घाट चढत असता त्यांच्या सायकलीची बॅटरी उतरली. आधी पुढचा डिरेलर थांबला, थोड्या वेळाने मागचाही. पाय शाबूत, साखळी शाबूत, चाके शाबूत. तरी गुरुजी सायकल हातांत धरून चालत आले. एका चार्जवर हजारभर किलोमीटर जातात असे सांगितले जाते, आणि ते खोटे नाही. गुरुजी चार्जिंग विसरले होते. परंतु विसरणे हा मनुष्यधर्म आहे. तारही तुटते, हे आम्ही जाणतो. पण नवी तार खिशात मावते, गिअरच्या सायकली दुरुस्त करणाऱ्या साध्या दुकानात मिळते, आणि पान्याची ओळख असलेला मनुष्य ती अर्ध्या तासात बसवितो. बिघडलेली मोटर मात्र मेकॅनिक उघडत नाही, बदलतो. तीही मोठ्या शहरात, आणि माल उपलब्ध असेल तर! ज्याच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या सायकलीचा रोग कळत आला, त्या कारागिराचे हात यात बांधले जातात, आणि स्वार आपल्याच वाहनाचा आश्रित बनतो.

खरी तक्रार पुढेच आहे. निवड करण्याचा अधिकारच हळूहळू काढून घेतला जात आहे. शिमानो कंपनीने २०२१ मध्ये आपल्या वरच्या दोन श्रेणी, ड्युरा-एस आणि अल्टेग्रा, नव्या रूपात आणल्या त्या केवळ विजेच्या. मध्यमवर्गाची म्हणून ओळखली जाणारी १०५ ही श्रेणीही बारा चकऱ्यांच्या रूपात २०२२ मध्ये आधी विजेचीच आली. तारेची आवृत्ती निघाली २०२३ मध्ये. म्हणजे साध्या ग्राहकाने वर्षभर थांबावे, नाही तर बॅटरी पत्करावी! त्यातच ब्रेकच्या नळ्या हँडलखालच्या बेअरिंगमधून लपवून नेण्याची नवी फॅशन आली आहे. दिसावयास सुबक खरी. पण एक बेअरिंग बदलावयाचे तर पुष्कळदा ब्रेकची नळी सोडवून पुन्हा तेल भरावे लागते. सौंदर्य दुकानात, आणि त्रास घरी!

तेव्हा घेणाऱ्याने क्रम आपला आपण लावावा. आधी फ्रेम अंगास बसते की नाही ते पाहावे. हँडल पुरेसे उंच नसेल तर दीडशे किलोमीटरांनंतर मान आणि मनगटे बोलू लागतात, आणि त्यावर कोणतीही बॅटरी उतारा देत नाही. मग रुंद टायरला जागा, मग तेलाचा डिस्क ब्रेक, मग चढाला पुरेल असा हलका गिअर. एवढे झाल्यावर पैसे उरले आणि हौस असली तर विजेचा गिअर सुखाने घ्यावा. मात्र दुकानात पहिला प्रश्न आपण विचारावा : हीच सायकल तारेच्या गिअरात मिळेल काय? हा प्रश्न विचारणारे थोडे उरले, तर त्याचे उत्तर लवकरच कायमचे 'नाही' असे होईल. आणि तो दोष मग कंपन्यांचा नसून आपला असेल.