सहकार्याच्या मेजावर तिसरी खुर्ची

एप्रिल-मे महिन्यांत लालबागच्या मिरची गल्लीत गृहिणींची रीघ लागते. बेडगी, संकेश्वरी निवडून घ्यायची, धणे-दगडफूल तोलून घ्यायचे आणि डंकापाशी उभे राहून आपल्या डोळ्यांदेखत मसाला कुटून घ्यायचा, ही गिरणगावाची जुनी रीत. तिखटात विटेची भुकटी येऊ नये म्हणून कामगारांच्या बायकांनी राखलेली ती पहारेदारीच होय. बंद पाकिटापुढे मात्र हे डोळे निरुपयोगी ठरतात. तेथे सरकारी प्रयोगशाळा हीच ग्राहकाची दृष्टी.

म्हणूनच अन्नकंपन्या आणि नियामक यांनी भांडण सोडून सहकार्य करावे, हा उपदेश पारखून घेतला पाहिजे. त्यात तथ्य नाही असे नाही. १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याचा भर नमुना घेऊन खटला भरण्यावर होता; तोवर माल पोटात गेलेला असे. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने कारखान्यातील प्रक्रियेकडेच लक्ष वळविले, आणि ते काम उत्पादकाच्या सहभागाविना होणारे नाही. परंतु दुबळ्याने बलदंडाशी केलेले सहकार्य ही शरणागतीच असते.

मॅगीचे प्रकरण आठवावे. जून २०१५ मध्ये, शिसे प्रमाणाबाहेर असल्याच्या कारणावरून तिच्यावर बंदी आली. १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली: कंपनीला बाजू मांडू दिली नव्हती आणि नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळांना आवश्यक अधिमान्यता नव्हती. न्यायालयाच्या आदेशाने मोहाली, जयपूर व हैदराबाद येथे झालेल्या फेरचाचण्यांत शिसे मर्यादेत आढळले. कंपनी सुटली याचे दुःख नाही. घराघरांतील मुले जे खातात त्याविषयी शासनाला न्यायालयात टिकेल असा एक अहवाल देता आला नाही, हे लाजिरवाणे आहे. महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालानुसार राज्यांच्या ७२ प्रयोगशाळांपैकी ६५ अधिमान्यतेविना होत्या!

दुसरीकडे, शास्त्रीय समित्यांवर स्वतंत्र तज्ज्ञ असावेत असे कायदाच सांगत असता तेथे बड्या खाद्य व शीतपेय कंपन्यांची माणसे बसविली गेली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाला त्या समित्या नव्याने नेमण्यास सांगावे लागले. कंपन्यांचा सल्ला जरूर ऐकावा. निवाडा त्यांच्या हाती का द्यावा?

आणि हे सौजन्य परळ-लालबागच्या खानावळवालीच्या वाट्याला कधी आले? गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या या बायांना १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, तेव्हा कोठे बँकेचे दार त्यांच्यासाठी उघडले. नियामकाने सहकार्याचा आरंभ अशा स्वयंपाकघरांपासून करावा: निर्मळ पाणी, प्रशिक्षण, स्वस्त चाचणी.

बड्या कारखान्यांबाबत मागणी निराळी आहे. चाचणीचे अहवाल जनतेसाठी खुले व्हावेत. नासका माल भट्टीत पडताना प्रथम पाहतो तो कामगार. तो बोलला म्हणून त्याची नोकरी जाता कामा नये. सहकार्याच्या मेजावर त्याची आणि ग्राहक संघटनांची खुर्ची मांडली जाईपर्यंत कार्यकर्त्यांनी वॉर्डावॉर्डांतून हा प्रश्न लावून धरावा.