घार डोक्यावर झडप घालते तेव्हा

उन्हाची तिरीप वाढली, गच्च्यांवर पापड-कुरडयांची वाळवणे पडू लागली, की आमच्या दवाखान्यात एक ठरावीक तक्रार सुरू होते. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, मानेवरून रक्ताचे ओघळ, आणि बरोबरची मंडळी रुग्णापेक्षा जास्त घाबरलेली. "डॉक्टरसाहेब, घारीनं मारलं!"

गेल्या मार्चमध्ये एक आजी अशाच आल्या. साठी उलटलेली, मधुमेहाच्या जुन्या रुग्ण. वाळवण राखत बसल्या होत्या, मागून झडप आली. टाळूवर दोन जखमा, त्यातली एक खोल. मुलाचा पहिला प्रश्न, "कुत्र्याची इंजेक्शनं घ्यावी लागतील ना?"

नाही. हे सर्वांनी लक्षात ठेवावे. रेबीज हा कुत्रा, मांजर, माकड, कोल्हा अशा सस्तन प्राण्यांच्या चाव्यातून येणारा रोग आहे. पक्ष्याच्या नखाने किंवा चोचीने तो होत नाही. पण म्हणून जखम हलकी धरू नये. ही नखे सकाळी कुठल्या तरी सडक्या मांसात रुतलेली असतात. जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने दहा-पंधरा मिनिटे धुवावी, स्वच्छ कापड दाबून धरावे. टाळूला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे रक्त फार दिसते, घाबरू नये. हळद, तंबाखू, चहाची पूड काही भरू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन पाच वर्षे झाली असतील तर ते पुन्हा घ्यावे. मधुमेह असेल तर जखम डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे. आणि डोळ्याला नख लागले असेल तर ओरखडा कितीही बारीक दिसो, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

आजींना टाके घालून झाले, तरी मुलगा जागचा हलेना. घराशेजारच्या निलगिरीवर घरटे होते. गल्लीत वर्गणी जमली होती, झाडावर चढणारा माणूसही ठरला होता. रात्री घरटे खाली पाडायचे. "तुमचं काय मत, डॉक्टर?"

कायदा मी सांगितलाच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घारीला संरक्षण आहे, आणि अंडी किंवा घरटे उद्ध्वस्त करणे हीसुद्धा त्या कायद्यात शिकारच धरली जाते. पण नुसता कायदा ऐकवून भीती जात नाही. ज्यांच्या गच्चीवर घार येत नाही अशा पक्षिप्रेमींना उपदेश करणे सोपे असते. आईच्या डोक्यातून रक्त वाहताना पाहिलेल्या मुलाला तो पटत नाही, आणि त्यात त्याची चूक आहे असे मला वाटत नाही.

म्हणून मी त्याला हिशेब सांगितला. घार महिनाभर अंडी उबवते, पुढे पिल्ले उडायला साधारण दीड महिना लागतो. ती अंगावर येते ती मुख्यतः या दिवसांत, आणि तेही घरट्याच्या आसपास. पक्षी किलोभर वजनाचासुद्धा नसतो. पण पंख पसरले की पाच फुटांच्या आसपास भरतात, म्हणून अक्राळविक्राळ वाटतो. तेवढे दिवस गच्चीवर जाताना छत्री उघडायची, लहान मुलांना एकटे सोडायचे नाही, वाळवण दुसऱ्या गच्चीवर हलवायचे. घरटे पाडले तर घार गाव सोडत नाही, शेजारच्या झाडावर पुन्हा काड्या गोळा करते.

मग डॉक्टरी सवयीने इतर चौकशी केली. तेव्हा कळले की दर रविवारी कोंबडीची कातडी आणि आतडी गच्चीवरून घारींना उडवायची, त्या हवेतल्या हवेत झेलतात ती गंमत नातवंडांना दाखवायची, हा या घरचा दोन वर्षांचा कार्यक्रम! सांगता सांगता मुलगाच ओशाळला.

दिल्लीत हा प्रकार फार मोठ्या प्रमाणावर आहे. शिकारी पक्ष्यांची एवढी दाट वस्ती जगात क्वचितच कुठे असेल. जुन्या दिल्लीत घारींना मांस घालण्याची प्रथा आहे, त्यात उघड्या कचऱ्याची भर. तिथल्या घारींवरचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. माणसाकडून मिळणारे खाणे जिथे सहज हाती लागते, तिथल्या घारी माणसावर जास्त धावून जातात, असे त्यात आढळले. माणसाची भीड चेपलेली असते, दुसरे काय?

आमच्या गावात मटणाच्या दुकानांमागचा नाला बघा. आतडी, पिसे, कातडी, सारे उघड्यावर. वर घारींचा घेर, खाली कुत्र्यांची झुंड. नगरपालिकेकडे अर्ज गेले, फोटो गेले. अर्जाची पोच मात्र न चुकता मिळते. घारींची संख्या हे लक्षण आहे, रोग त्या नाल्यात आहे. घारी हटवल्या आणि नाला तसाच राहिला, तर ते मांस उंदीर आणि कुत्री खातील. गिधाडांच्या बाबतीत आपण हे भोगले आहे. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे गिधाडे जवळजवळ संपली. ते औषध जनावरांसाठी २००६ मध्ये बंद झाले तोवर फार उशीर झाला होता. ओढून टाकलेली ढोरे कुत्र्यांच्या वाट्याला आली. आणि कुत्र्याच्या चाव्याला इंजेक्शने खरोखरच लागतात.

गच्चीवरची पाण्याची टाकीही तपासा. घारीच्या पंज्यातून निसटलेला तुकडा उघड्या टाकीत पडला तर सगळे घर ते पाणी पिते. झाकण घट्ट हवे. मेलेली घार किंवा कावळा दिसला तर उघड्या हाताने उचलू नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मरून पडले, ते बर्ड फ्लूने, हे तपासणीनंतरच समजले.

आठ दिवसांनी आजी टाके काढायला आल्या. जखम कोरडी होती, साखर थोडी वाढलेली. घरटे अजून तिथेच आहे म्हणाल्या. वर्गणीचे पैसे परत दिले, आणि रविवारची आतडी आता घरामागे खड्डा करून पुरतात. छत्री बरोबर आणली होती, ती दाराशी उभी करून ठेवली होती.