नकाशा जरा मागच्या सीटवर द्या!

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहून आलेल्या एखाद्या आईला तिथल्या प्रवासाबद्दल विचारून बघा. नायगारा, न्यूयॉर्क, डिस्ने अशी यादी भराभर येते. मग विचारा, "आणि मधे काय पाहिलंत?" इथे गाडी अडते. "मधे काय, नुसता रस्ता! मला तर बाई झोपच लागली."

शिकागोकडून मोटारीनं ओमाहाला किंवा त्याहून पुढे डेन्व्हरला निघणाऱ्या आपल्या मराठी घरांत हे हमखास घडतं. वाटेतलं अख्खं आयोवा राज्य एका डुलकीत पार होतं. मुलानं आधीच सांगून ठेवलेलं असतं, "आई, आयोवात काही नाही गं, नुसता मका. सलग मारली की साडेचार तासांत बाहेर!" सूनबाई आदल्या रात्री बारापर्यंत तिखटामिठाच्या पुऱ्या तळत असते, बाळाच्या बाटल्या, जास्तीचे कपडे, औषधं भरत असते. सासूबाई मागच्या सीटवर, नातवाच्या कार सीटला चिकटून. पुढे फोन सांगेल तसं वळायचं. म्हणजे प्रवासाची निम्म्याहून जास्त तयारी ज्या दोघी करतात, त्यांना रस्त्याबद्दल कुणी चकार शब्द विचारलेला नसतो. आणि त्याही विचारत नाहीत. हे मला पटत नाही.

बहिणीकडे गेले असताना मी हा रस्ता दोनदा केला आहे. आयोवातून जाणारा इंटरस्टेट ८० हा पूर्वेला मिसिसिपी नदीपासून पश्चिमेला मिसुरी नदीपर्यंत साधारण ३०६ मैल, म्हणजे जवळजवळ ४९० किलोमीटरचा आहे. गावांबाहेर वेगमर्यादा ताशी ७० मैल. गणित केलं तर साडेचार तास बरोबर येतात. पण सहल म्हणजे काय गणित आहे? "आम्ही कुठेही न थांबता सात तासांत ओमाहा गाठलं" हे कौतुकानं सांगणाऱ्यांत मी अजून एकही बाई पाहिली नाही. हा पराक्रम पुरुषांचा. बायकांच्या वाट्याला त्यातले सुजलेले पाय येतात.

नकाशा हाती घ्यायचा तर आधी तो वाचता यायला हवा, आणि इथे एक गंमत आहे. अमेरिकेतले हे महामार्ग वाचायला आपल्या पंचांगापेक्षा पुष्कळ सोपे! सम आकड्यांचे रस्ते पूर्व-पश्चिम, विषम आकड्यांचे दक्षिण-उत्तर. इंटरस्टेट ८० पूर्व-पश्चिम जातो, त्याला डे मॉइन या राजधानीजवळ भेटणारा ३५ दक्षिण-उत्तर. तीन आकडी रस्ता मुख्य रस्त्याची शाखा, म्हणून डे मॉइन शहराच्या पोटातून जातो तो २३५. मैलांचे आकडे राज्याच्या पश्चिम सीमेपासून सुरू होतात आणि एक्झिटला, म्हणजे उतरायच्या फाट्यालाही तेच आकडे दिलेले असतात. शिकागोकडून येताना मिसिसिपी ओलांडली की पहिला एक्झिट ३०६. पुढे आकडे उतरत जातात. वॉलकॉटचा एक्झिट २८४ आणि वेस्ट ब्रँचचा २५४, म्हणजे मधलं अंतर ३० मैल. एवढी वजाबाकी चौथीतली नातही करेल. फोनची रेंज जाऊ दे नाहीतर बॅटरी संपू दे, मागच्या सीटवरच्या आजीला आपण कुठे आहोत हे अचूक सांगता येतं. मला तर या एका गोष्टीनं त्या परक्या रस्त्यावर फार धीर आला.

हे रस्ते उभे राहिले ते आयसेनहॉवर अध्यक्ष असताना १९५६ साली झालेल्या कायद्यामुळे. त्याआधी १९१९ मध्ये ते लष्करात असताना वाहनांच्या एका ताफ्याबरोबर वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला गेले होते. त्या प्रवासाला ६२ दिवस लागले, आणि तो ताफा आयोवातूनच गेला होता. (त्यांच्या पत्नी मेमी यांचा जन्मही आयोवातल्याच बून गावचा. आपल्याकडे असती तर जावयानं सासरवाडीला रस्ता नेला अशी चर्चा झाली असती!)

आता बायकांच्या अगदी जिव्हाळ्याचा विषय. या रस्त्यावर ठरावीक अंतरावर सरकारी विश्रांतिस्थळं आहेत. स्वच्छ, फुकट, रात्रंदिवस उघडी. बाहेर सावलीत बाकं आणि टेबलं, दशम्या-चटणी सोडून बसायला अगदी छान. तिथे हॉटेल मात्र नसतं, तशी बंदीच आहे. खायला मिळतं ते यंत्रातलं. गरम जेवण हवं तर एक्झिट घेऊन गावात उतरायचं. त्यासाठी निळ्या पाट्या आधीच लावलेल्या असतात, कोणत्या फाट्यावर पेट्रोल, कुठे जेवण, कुठे मुक्काम.

तरीही आपल्या आया सकाळपासून पाणी पीत नाहीत. बचत गटाच्या बायकांना मेळाव्याला घेऊन जाताना मी हे वर्षानुवर्षं पाहते आहे. पहाटे पाचला चहाचा अर्धा कप, की मग मुक्कामाला पोचेपर्यंत घोटभरही नाही. "वाटेत सोय नसते ताई." आपल्या रस्त्यांनी ही सवय बायकांच्या अंगात इतकी मुरवली आहे की साता समुद्रापार, पंचवीस-तीस मैलांवर लख्ख स्वच्छतागृह असतानाही तोंड कोरडं ठेवूनच आजी बसते. मुलाला वाटतं, आईला काही नकोय. तिला हवं असतं, पण "थांब रे जरा" म्हणायला संकोच वाटतो. म्हणून सांगते, थांबे आधी ठरवा. दर दीड-दोन तासांनी थांबायचंच, कुणी मागो न मागो. मग कुणाला तोंड उघडून मागावं लागत नाही.

आणि "काही नाही, नुसता मका" याबद्दल. मका आहे, खरं आहे. अमेरिकेत सर्वांत जास्त मका पिकवणारं हे राज्य. पण त्या मक्याच्या जागी पूर्वी माणसाच्या उंचीचं गवत होतं, राज्याच्या बहुतेक भूमीवर. आज त्या गवताळ रानाचा हजारावा हिस्साही उरलेला नाही. डे मॉइनच्या पूर्वेला प्रेअरी सिटीजवळ नील स्मिथ अभयारण्यात ते गवत पुन्हा वाढवलं आहे, तिथे बायसन चरताना दिसतात. एवढं ठाऊक असलं की खिडकीबाहेरचा मकाही वेगळा दिसायला लागतो.

वॉलकॉटला ट्रकवाल्यांसाठी एक प्रचंड थांबा आहे, 'आयोवा ८०' नावाचा, १९६४ पासूनचा. जगातला सर्वांत मोठा, असं तेच सांगतात. न्हाव्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळे तिथे. मुलांना जुने ट्रक पाहायला आवडतील. आपण चहा घ्यावा आणि निघावं.

मला स्वतःला थांबावंसं वाटलं ते वेस्ट ब्रँचला. राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर १८७४ साली जन्मले ते दोन खोल्यांचं घर तिथे जपलं आहे. चौदा फूट बाय वीस फूट. आपल्याकडे चाळीतली खोलीही एवढी असते. सगळे हूव्हरबद्दल बोलतात, मी मात्र त्यांच्या आईचा विचार करत राहिले. हल्डा तिचं नाव. १८८० मध्ये लोहारकाम करणारा नवरा गेला, पदरात तीन मुलं. ती शिवणकाम करायची, क्वेकर पंथाच्या सभांमध्ये बोलायची, दारूबंदीच्या बाजूनं उभी राहायची. १८८४ मध्ये तीही गेली, तेव्हा हर्बर्ट नऊ वर्षांचा होता. आमच्या वस्तीत दारूबंदीसाठी सह्या गोळा करणाऱ्या, दिवसभर मशीनवर बसणाऱ्या बायका मला तिथे आठवल्या. साडेचार तासांच्या हिशेबात हल्डाला जागा नाही.

पुढे दहा मैलांवर आयोवा सिटी. विद्यापीठाचं गाव. १९६७ मध्ये इथे जगभरच्या लेखकांना बोलावणारा आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रम सुरू झाला. आपले दिलीप चित्रे सत्तरच्या दशकात त्यात होते. २००८ मध्ये युनेस्कोनं या गावाला साहित्याचं शहर म्हणून मान दिला. वाङ्मय घेऊन बीए केलेल्या माझ्यासारखीला तिथल्या रस्त्यांवरून चालताना काय वाटलं, ते सांगत बसत नाही.

त्यानंतर एक्झिट २२५, अमाना. माझ्या मते मुक्काम इथेच करावा. जर्मनीहून आलेल्या एका धर्मपंथानं १८५५ पासून इथे सात गावं वसवली. १९३२ पर्यंत त्यांची जमीन, काम, जेवण सगळं सामाईक होतं. घरात स्वयंपाकघर नाहीच! गावात सामाईक स्वयंपाकघरं, एकेका ठिकाणी तीस-चाळीस माणसांचं जेवण, आणि त्या सगळ्याचा कारभार एका बाईच्या हाती. वाचायला किती छान वाटतं, नाही? पण रांधणं, वाढणं, भांडी घासणं, परसातली भाजी काढणं हे सगळं तिथेही बायकांकडेच होतं. चूल एक झाली म्हणून चुलीपुढचं माणूस बदललं नाही. सासू-सुनेनं एकत्र पाहावं असं काही असेल तर ते हे. मुक्कामाच्या रात्री गप्पांना विषय पुरेल. याच अमानाच्या नावानं निघालेल्या कंपनीनं १९६७ मध्ये ओट्यावर ठेवायचा मायक्रोवेव्ह बाजारात आणला, हा आणखी एक योग.

आता "रजा कुठे आहे?" हा प्रश्न. मान्य. तिथे मुलांना रजा मोजक्याच मिळतात, आठवडाभर राबून गाडीही त्यांनाच चालवायची असते. म्हणूनच एका दिवसाचे दोन दिवस करा असं म्हणते. दमलेल्या माणसानं सलग सात तास गाडी मारण्यापेक्षा हे चांगलं, आणि लहान गावातला मुक्काम शहरापेक्षा बहुधा स्वस्तच पडतो. नायगाऱ्याला तीन दिवस निघतात, तर इथे एक का निघू नये?

दुसऱ्या दिवशी डे मॉइन. नॉर्मन बोरलॉग या राज्याचे सुपुत्र. त्यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या जागतिक अन्न पुरस्काराचं दालन इथे जुन्या ग्रंथालयाच्या सुंदर इमारतीत आहे (उघडं असण्याच्या वेळा आधी बघून घ्याव्यात). १९८७ चा पहिलाच पुरस्कार डॉ. स्वामीनाथन यांना. आणि १९९८ चा आपल्या जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांना, बियाण्यांच्या कामासाठी. आज समृद्धी महामार्गावरून १२० च्या वेगानं जाताना जालन्याचा फाटा आला की आपण तरी काय म्हणतो? "इथे काय आहे?" हेच ना! आयोवाला नावं ठेवणारी आपली मुलं हे घरातूनच शिकून गेली आहेत.

डे मॉइनच्या पुढे एक्झिट ११० ला दक्षिणेकडे वळलं की विंटरसेट. लाकडाचे, छप्पर असलेले जुने पूल इथे आहेत. १९९५ च्या मेरिल स्ट्रीपच्या सिनेमामुळे गाजले ते हेच. पूर्वी एकोणीस होते, सहा उरले. पण मराठी घरानं इथे यावं ते दुसऱ्याच कारणासाठी. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' १९८१ पासून आपल्या किती पिढ्यांनी वाचलं! ते जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर इथेच होते. कान्ससमधल्या कॉलेजनं काळा म्हणून दारातून परत पाठवलेला हा मुलगा विंटरसेटमधल्या एका दांपत्याच्या आग्रहामुळे १८९० मध्ये जवळच्या इंडियनोलातल्या सिम्प्सन कॉलेजात गेला. इतरांचे कपडे धुऊन शिकला. त्याची चित्रं पाहून, याला झाडांची खरी जाण आहे हे ओळखलं ते एटा बड या शिक्षिकेनं, आणि तिनंच त्याला शेतीशास्त्र शिकायला एम्सला धाडलं. मुलाला दहावीला असताना हे पुस्तक भेट दिलेलं असतं. आणि तोच मुलगा या फाट्यावरून सत्तरच्या वेगानं पुढे जातो, कारण फोन त्याला सरळ जा म्हणतो.

पश्चिमेला एडेअरजवळच्या विश्रांतिस्थळावर पवनचक्कीचं खरंखुरं पातं उभं केलं आहे. खाली उभं राहून वर पाहा, मान दुखते. राज्याची निम्म्याहून अधिक वीज आता वाऱ्यावर होते.

ऋतूचंही बघा. हिवाळ्यात हा रस्ता बर्फानं अडतो. निघण्यापूर्वी ५११ या सरकारी सेवेवर रस्त्याची स्थिती पाहावी, गाडीत ब्लँकेट, पाणी, खाणं ठेवावं, टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नये. वसंतात आणि उन्हाळ्यात चक्रीवादळं येतात. तेव्हा पुलाखाली गाडी लावून थांबणं धोक्याचं, पक्की इमारत गाठावी. ऑगस्ट सगळ्यात बरा. तेव्हा गावोगावी कोवळी गोड कणसं विकायला येतात. महामार्गाच्या कडेला मैलोन्मैल दिसतो तो मका मात्र बहुतेक जनावरांचा आणि इथेनॉलचा, त्याकडे बघून तोंडाला पाणी सुटू देऊ नका.

आमच्या कॉलनीतल्या एक काकू येत्या ऑगस्टमध्ये मुलाकडे शिकागोला निघाल्या आहेत, पुढे डेन्व्हरला जायचा बेत आहे. त्यांना एका कागदावर पाच आकडे लिहून दिले आहेत: २८४, २५४, २४४, २२५, ११०. कागद पर्समध्ये ठेवायचा, मुलाच्या हातात द्यायचा नाही. आकडा जवळ आला की पाच मैल आधी सांगायचं, "बाळा, उजवीकडची लेन घे."