पोटखराबा

सातबाराच्या उताऱ्यावर ‘पोटखराब क्षेत्र’ नावाचा एक रकाना असतो. गटातल्या ज्या तुकड्यावर नांगर चालत नाही, तो खडकाळ भाग त्यात मांडतात. लागवडीस अयोग्य, एवढीच त्याची ओळख. आमच्या गिरिभ्रमण मंडळातील दहा-बारा जण ज्या कड्यावर प्रस्तरारोहण शिकलो, ज्याची प्रत्येक भेग आणि प्रत्येक खाच आम्हांला वर्गातल्या बाकांपेक्षा अधिक परिचयाची आहे, तो कडा सरकारदरबारी पोटखराबा आहे. मालकाच्या लेखीही तो तसाच. त्यांच्या दृष्टीने मोल आहे ते कड्याखालच्या गवताचे, भाताच्या दोन खाचरांचे आणि ज्यावरून आमची पाऊलवाट जाते त्या बांधाचे.

गेल्या वर्षापासून ती पाऊलवाट बंद आहे.

कारण साधे आहे. शहरातल्या एका सहलवाल्याने एका रविवारी पन्नासेक माणसे तेथे आणली. वाळायला टाकलेल्या गवतावर त्यांनी पथाऱ्या पसरल्या, शेकोटी केली, बाटल्या टाकल्या. दुपारी त्यांच्यातला एक जण घसरला आणि त्याचा पाय मोडला. गावकऱ्यांनीच त्याला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणले. पुढे ठाण्यातून बोलावणे आले ते मात्र सहलवाल्याला नव्हे, जागेच्या मालकिणीच्या नातवाला. ‘तुमच्या जागेत ही माणसे कुणाच्या परवानगीने आली?’ या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी त्याने दोन दिवसांची मजुरी बुडवली. तिसऱ्या दिवशी बांधावर करवंदीच्या काट्यांचे कुंपण पडले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा आजी म्हणाल्या, “पोरांनो, तुमच्यावर माझा राग न्हाई. पण तुमी पडायचं आन् माझ्या नातवानं जाब द्यायचा, हे कुटलं?”

या प्रश्नाला आमच्यापैकी कुणापाशी उत्तर नव्हते. मंडळात मात्र उत्तरांचा सुकाळ झाला. एक पक्ष म्हणतो, पहाटे मागच्या घळीतून चढू, दहाच्या आत उतरू, कुणाला कळते? दुसरा म्हणतो, माणशी काही रुपये देऊन टाकू, प्रश्न मिटला. तिसऱ्या पक्षात बहुधा मी एकटाच आहे, म्हणून हा लेख.

पहिल्या पक्षाचे लाडके वाक्य असे : ‘डोंगर काय कुणाच्या बापाचा आहे?’ ऐकायला हे फार बरे वाटते. पण वरचा माथा जरी वनखात्याचा असला तरी पायथा कुणाच्या तरी बापाचा असतोच, आणि तो बाप उन्हातान्हात तेथे राबलेला असतो. चोरून चढणाऱ्याला एक रविवार मिळतो. पकडला गेला की त्याच्यामागून येणाऱ्या प्रत्येक तुकडीचा रस्ता जातो. दुसऱ्या पक्षाविषयी मला अधिक आदर आहे, कारण तो निदान मालक आहे हे मान्य करतो. पण आजींनी पैसे मागितलेलेच नाहीत. शिवाय आज आम्ही शंभर देऊ, उद्या तोच सहलवाला पाच हजार देईल. मग कडा त्याचा होईल आणि आम्ही विद्यार्थी रस्त्यावर उभे राहून त्याच्याकडे पाहत बसू.

मी इतिहासाचा विद्यार्थी असल्यामुळे या वादात मला इंग्लंडची एक हकिकत वारंवार ऐकवली जाते, आणि ती नेहमी अर्धीच सांगितली जाते. २४ एप्रिल १९३२ रोजी डर्बीशायरमधील किंडर स्काउट या पठारावर काही शे तरुण चालणारे, बहुतेक मँचेस्टरकडचे कामगार, मालकाची मनाई मोडून घुसले. ती जमीन शिकारीच्या पक्ष्यांसाठी राखलेली होती. राखणदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगवास झाला. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा होता. आमच्या पहिल्या पक्षाला ही गोष्ट येथेच संपावीशी वाटते. मला ती येथून पुढे अधिक महत्त्वाची वाटते. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा व ग्रामीण भागात प्रवेश देण्याविषयीचा कायदा झाला, १९५१ साली पीक डिस्ट्रिक्ट हे तेथले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. पण डोंगर, माळ आणि गवताळ पठारे यांवर पायी जाण्याचा सर्वसाधारण हक्क इंग्लंड व वेल्सच्या लोकांना मिळाला तो २००० सालच्या कायद्याने. मध्ये अडुसष्ट वर्षे गेली. त्या वर्षांत सभा झाल्या, अर्ज झाले, एकेका मालकाशी एकेका कड्यापुरते करार झाले. एका रविवारच्या घुसखोरीने कायदा झाला नाही.

आणि त्या २००० सालच्या कायद्यात एक कलम आहे, जे हक्काच्या जयघोषात कुणी वाचत नाही. या हक्काने आलेला माणूस खडकावरून पडला, म्हणजे जमिनीच्या नैसर्गिक घडणीमुळे त्याला इजा झाली, तर त्याची जबाबदारी मालकावर राहत नाही. मालकाचे दार उघडताना तेथल्या कायदेमंडळाने आधी त्याच्या मनातली धास्ती काढली. आजींचा प्रश्न तोच होता. आपल्याकडे जमीनमालकाला असे स्पष्ट अभय देणारा कायदा नाही. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाने नोंदणीचे बंधन घातले ते उपक्रम आयोजित करणाऱ्यावर. ते योग्यच आहे. परंतु ज्याच्या बांधावरून वाट जाते त्या शेतकऱ्याची रात्रीची झोप त्याने सुधारत नाही. गिर्यारोहकांच्या संस्थांनी सरकारकडे काही मागायचेच असेल तर ते हे मागावे. कड्यावरचा आपला हक्क त्यानंतर.

आता सरकारी जमिनीकडे वळू. तेथे आजी नसतात, तेथे फलक असतो. वनखात्याचा, पुरातत्त्व खात्याचा, आणि पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या मनाई आदेशाचा. सरसकट सर्व फलकांना शिव्या घालण्याची आमच्यात पद्धत आहे. मला ती पटत नाही. कान्हेरीला जी शंभराहून अधिक लेणी आहेत, त्यांच्या कातळात कुणी ड्रिलने भोके पाडून बोल्ट ठोकू लागला तर मीच प्रथम तक्रार करीन. दोन हजार वर्षांपूर्वीच्या छिन्नीशेजारी आपली छिन्नी चालवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

गिधाडांचेही तेच. भारतीय गिधाड उंच कड्यांच्या कपारींत घरटे करते, वर्षाला एकच अंडे घालते, आणि त्याच्या विणीचा हंगाम हिवाळ्यात येतो. म्हणजे नेमका आपल्या आरोहणाचा हंगाम! १९९० नंतरच्या काळात जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे देशातील गिधाडांचा जवळजवळ निर्वंश झाला. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. उरल्यासुरल्या जोड्यांपैकी एखादी आपल्या कड्यावर बसली असेल, आणि आपल्या दोराच्या सावलीने ती अंड्यावरून उठून गेली, तर त्या वर्षाचे पिल्लू गेले. ज्या कातळांत ‘शोले’ चित्रित झाला त्या रामनगरजवळच्या रामदेवरबेट्टा येथे २०१२ साली गिधाडांसाठी अभयारण्य जाहीर झाले. बंगलोरच्या आरोहकांना ते कातळ प्रिय होते हे मी जाणतो. तरीही गिधाडाला दुसरा कडा शोधायला सांगण्यापेक्षा आपणच शोधावा हे न्याय्य आहे.

माझी तक्रार आहे ती तारीख नसलेल्या आणि कारण नसलेल्या फलकाविषयी. ‘प्रवेश बंद.’ का? कधीपर्यंत? कुठल्या भागात? असा फलक कुणीच पाळत नाही. आणि जो पाळतो तो प्रामाणिक माणूस मूर्ख ठरतो. याउलट इंग्लंडमधल्या स्टॅनेजच्या कड्यावर रिंग आउझल नावाचा काळा पक्षी घरटे करतो, तेव्हा मैलोगणती पसरलेला सबंध कडा बंद करीत नाहीत. घरट्याभोवतालच्या थोड्या चढाया तेवढ्या सोडून द्या असा फलक लावतात आणि पिल्ले उडाली की तो काढून घेतात. फलक काढला जातो, हेच त्याच्या विश्वासार्हतेचे कारण.

श्रद्धेच्या बाबतीत अमेरिकेतील डेव्हिल्स टॉवरचे उदाहरण मला फार बोलके वाटते. वायोमिंगमधला हा प्रचंड सुळका लाकोटांसह वीसहून अधिक आदिवासी जमातींना पवित्र आहे, आणि जून महिन्यात त्यांचे विधी तेथे होतात. १९९५ पासून तेथील उद्यान खाते आरोहकांना विनंती करते की जूनमध्ये चढू नका. सक्ती नाही. काही आरोहकांनी यालाही न्यायालयात आव्हान दिले होते. १९९८ साली न्यायालयाने ही ऐच्छिक योजना उचलून धरली. आजही जूनमध्ये चढणारे आहेत, पण इतर महिन्यांच्या मानाने बरेच कमी. आपल्याकडे कित्येक सुळक्यांच्या पायथ्याशी शेंदूर माखलेला देव असतो. त्याच्या जत्रेच्या आठवड्यात दोर गुंडाळून ठेवण्यास कायदा कशाला हवा? आम्ही तर अजून गावात जत्रा कधी असते हे विचारण्याइतकेही सौजन्य शिकलेलो नाही, असे मला अनेक मंडळे पाहून म्हणावेसे वाटते.

माझे मंडळातील मित्र विचारतात, मग तू काय करणार? मी दिवाळीनंतर दोनदा गावात जाऊन आलो. आजींशी आणि नातवाशी बोलणे झाले. त्यांच्या अटी अशा : गवत कापून, बांधून घरी गेल्याशिवाय यायचे नाही. एका वेळी दहाच्या वर माणसे नकोत. सरपंचाकडे आदल्या दिवशी नावे द्यायची, म्हणजे काही झाले तर ठाण्यात दाखवायला त्यांच्यापाशी कागद राहील. सोबत एक प्राध्यापक हवेत. बाटली दिसली की वाट बंद. आग्या मोहोळ लागलेली डावी बाजू कुणी हात लावायची नाही, ते मध काढणाऱ्यांचे आहे. पैशांचा विषय मी काढला तेव्हा नातू म्हणाला, “गवत तुडवलं तर भरून द्या. बाकी काय नको.”

या अटींत मला एकही अन्यायाची दिसत नाही. दहाच्या मर्यादेवरून मंडळात कुरकुर आहे, कारण वार्षिक शिबिराला आपण चाळीस जण नेतो आणि अहवालात तो आकडा शोभून दिसतो. मग चार रविवार करावेत. चाळीस जणांपैकी तीस जण दिवसभर खाली बसून भेळच खातात, हे शिबिराला आलेल्या कुणीही कबूल करील.

अडचण आहे ती वेगळीच. जिमखान्याच्या यंदाच्या अंदाजपत्रकात दोर, शिरस्त्राणे आणि चषक यांसाठी तरतूद आहे. गवताच्या भरपाईसाठी नाही, आणि चार रविवार सोबत येणाऱ्या प्राध्यापकांच्या प्रवासखर्चासाठीही नाही. दोन्हींसाठी मी अर्ज दिला आहे. डिसेंबर संपत आला, गवत घरी गेले आहे, आणि अर्जावर अजून सही व्हायची आहे.