मैफलीतील अनुपस्थित श्रोता

राजा रविवर्मा यांच्या 'गॅलक्सी ऑफ म्युझिशियन्स' या चित्राचा अन्वयार्थ लावताना आपल्याकडे एक सोयीस्कर समीकरण मांडले जाते: राष्ट्रीय सभेची स्थापना १८८५ ची, चित्र १८८९ च्या सुमाराचे, सबब नाना प्रांतांच्या वेशांतील अकरा स्त्रिया म्हणजे उदयोन्मुख राष्ट्राचे रूपक. दोन सनावळ्या शेजारी ठेवल्याने अन्वयार्थ सिद्ध होत नाही.

मुळात ही मैफल आहे काय? मैफलीला मुख्य कलावंत असतो, साथ असते आणि श्रोता असतो. येथे नायर वस्त्रांतील वीणावादिनी आहे, नऊवारीतील मराठी स्त्री आहे, मुसलमान वेशातील स्त्री आहे, मागे युरोपीय टोपी घातलेलीही एक आहे. परंतु त्यांच्या नजरा एका ठिकाणी मिळत नाहीत. त्यांच्यातील भेद वस्त्रांनी सांगितला आहे, सुरांनी नाही. या मांडणीचे नाते १८६८ ते १८७५ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'द पीपल ऑफ इंडिया'च्या आठ खंडांतील वर्गीकरणाशी अधिक निकटचे आहे. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनासाठी रविवर्मांनी पाठविलेल्या दहा चित्रांतही हीच नमुनादर्शक दृष्टी आढळते. श्रोत्याची जागा चौकटीबाहेर आहे. तेथे प्रथम म्हैसूरचे महाराज होते, ज्यांच्यासाठी चित्र रंगविले गेले. आज आपण आहोत.

एवढे म्हणताच दुसरा पक्ष 'सरंजामी पुरुषदृष्टी' हा शिक्का घेऊन उभा राहतो. त्याचेही वाचन तितकेच आळशी आहे. घरंदाज स्त्री आणि पेशेवर गायिका यांची अशी एकत्र बैठक तत्कालीन समाजात दुर्घट होती. १८९० च्या दशकात मद्रासेतील नाचविरोधी चळवळ हीच सीमारेषा अधिक कठोर करू पाहत होती. चित्रात मात्र कुलीन कोण आणि कलावंतीण कोण, याचा निवाडा केलेला नाही. तो आपण लुगड्याच्या नेसणीवरून करतो आणि चित्रकाराच्या नावावर खपवतो.

'राष्ट्र' वा 'पितृसत्ता' या संज्ञा टाकाऊ आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. त्या वाचनाच्या अखेरीस कमवाव्या लागतात. आपल्या पदव्युत्तर वर्गांत त्या आरंभीच वाटल्या जातात; मग समोर चित्र असो वा कविता, विद्यार्थी ठरलेले उत्तर शोधून काढतो. अकरा स्त्रिया एकमेकींकडे का पाहत नाहीत, हा प्रश्न त्याला पडतच नाही. समीक्षेची सुरुवात त्या प्रश्नापासून व्हायला हवी.