जवळ बसून ऐकायचं संगीत

1649 साली नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट शहरातल्या यान्सकेर्क चर्चच्या कारभाऱ्यांनी आपल्या घंटावादकाचा पगार 80 गिल्डरवरून 100 गिल्डर केला. वाढीला अट एकच होती. संध्याकाळी चर्चच्या आवारात पाय मोकळे करायला येणाऱ्या मंडळींना त्याने अधूनमधून आपली छोटी बासरी ऐकवायची. याकोब फान आइक हा तो घंटावादक. जन्मापासून अंध, घरंदाज कुळातला, आणि घंटेच्या एका टोल्यात दडलेले वेगवेगळे स्वर सुटे करून ओळखणारा. त्याच्या या कानावर भरवसा ठेवून हेमोनी बंधूंनी सुरात वाजणाऱ्या घंटा ओतल्या. 1644 साली झुटफेन गावात बसवलेला त्यांचा संच हा जगातला पहिला खऱ्या अर्थाने सुरेल घंटासंच मानला जातो.

घंटांचं श्रेय मोठं आहेच, पण मला ती पगारवाढीची अट फार आवडते. शहरातल्या डोम चर्चच्या मनोऱ्यावरून तो अख्ख्या शहराला ऐकू जाईल असं वाजवायचा, आणि संध्याकाळी खाली येऊन चार पावलांवर उभ्या असलेल्या माणसासाठी वाजवायचा. हे दोन वेगळे कारभार आहेत, आणि दोन्हींची शहराला गरज आहे, हे त्या कारभाऱ्यांना पक्कं कळलं होतं. यान्सकेर्कच्या आवारात आता शनिवारी फुलांचा बाजार भरतो.

दरवर्षी ऑगस्ट संपता संपता उट्रेक्टमध्ये जुन्या संगीताचा महोत्सव सुरू होतो. 1982 पासून तो चालू आहे. दहा दिवस सबंध शहर त्यात बुडालेलं असतं. मध्ययुगातली मठांमधली गाणी, प्रबोधनकाळातलं चार-पाच गळ्यांचं गुंफलेलं गायन, मॉन्तेवेर्दी, पर्सेल, कूपरँ, बाख आणि त्याची मुलं. मुख्य मुक्काम टिव्होलीव्रेडेनबर्ख या संगीतगृहात असतो. हेर्मान हेर्ट्झबेर्खर या वास्तुकाराने त्यातलं मोठं सभागृह असं बांधलंय की श्रोते वादकांच्या चहूबाजूंनी बसतात. पण खरी चैन आहे ती चर्चमध्ये. पीटर्सकेर्कची प्रतिष्ठापना 1048 ची. डोमकेर्कचा मधला भाग 1674 च्या वादळात कोसळला आणि पुन्हा कुणी बांधला नाही, म्हणून मनोरा एकीकडे, चर्च दुसरीकडे आणि मध्ये मोकळा चौक. एक मैफल संपली की लोक सायकलवर टांग टाकतात आणि पुढच्या चर्चच्या दारात रांगेला लागतात. खुर्च्या कडक असतात. गाण्या-वाजवण्याला माइक नसतो.

फान आइकच्या संग्रहात दीडशेच्या आसपास रचना आहेत, जवळजवळ सगळ्या एकट्या बासरीसाठी. एकाच रचनाकाराने एकट्या सुषिर वाद्यासाठी केलेला एवढा मोठा संग्रह युरोपात दुसरा नाही. त्याची रीत साधी आहे. लोकांच्या तोंडी असलेली एखादी धून, नाहीतर चर्चमधलं स्तोत्र, आधी सरळ वाजवायचं. मग लय तीच ठेवून एका स्वराचे दोन करायचे, मग चार. दुगुन-चौगुन ऐकत मोठ्या झालेल्या कानाला हे समजावून सांगावं लागत नाही. मूळ धून कुठे लपली आहे हे शोधत आपण ऐकतो आणि ती सापडली की मान आपोआप हलते. महोत्सवात हे ऐकताना शेजारी बसलेल्या डच बाईंची मान हलत नव्हती, पण डोळे मिटलेले होते, आणि तीही दादच आहे.

माझा जीव जडला आहे व्हायोला दा गांबावर. दिसायला चेलोसारखी, पण तिचं कूळ निराळं. सहा किंवा सात तारा, त्याही आतड्याच्या. पडदेसुद्धा आतड्याचेच, मानेला गाठ मारून बांधलेले. सतारीच्या पडद्यांसारखे ते थोडे सरकवता येतात. वाद्य जमिनीवर टेकत नाही, दोन पोटऱ्यांमध्ये धरायचं. गज तळहात वर करून धरतात, आणि मधलं बोट गजाच्या केसांवर असतं. म्हणजे गजाचा ताण वादक बोटाने क्षणोक्षणी बदलू शकतो. पुढच्या रांगेत बसलं तर ते बोट दिसतं. स्वर सुरू होतानाची किंचित खरखर, मग त्याचं भरणं, मग सोडून देणं, हे सगळं त्या एका बोटाच्या दाबावर चाललेलं असतं. हवेत दमटपणा आला की आतड्याच्या तारा बेसूर होतात, म्हणून दर दोन रचनांनंतर वादक खुंट्या पिळत बसतो. कुणी घाई करत नाही. सुराला लावलेला तो वेळ मैफलीचाच भाग आहे असं सगळे धरून चालतात.

आणि हेच बोट विसाव्या रांगेतून ऐकू येत नाही.

याबद्दल 1740 साली एक माणूस कळवळून लिहून गेला आहे. ह्यूबेर ल ब्लाँ नावाच्या फ्रेंच कायदेपंडिताने व्हायोलिन आणि चेलोच्या वाढत्या दबदब्याविरुद्ध गांबाचं वकीलपत्र घेतलं आणि त्याचं पुस्तक अ‍ॅमस्टरडॅममध्ये छापलं गेलं. त्याचा आरोप असा की, जवळून ऐकायचं ठरलं तर नाजूक स्पर्शात व्हायोलिन गांबाच्या पासंगाला पुरत नाही, हे व्हायोलिनवाल्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी सामना प्रचंड मोठ्या सभागृहात नेला. तिथे व्हायोलिनचा कर्कशपणा झाकला गेला आणि गांबाचं मार्दव हरवलं. ल ब्लाँची भाषा अतिरेकी आहे, व्हायोलिनवर त्याने अन्यायही केला आहे. पण मुद्दा बिनतोड आहे. खोली बदलली की निकाल बदलतो.

तो खटला हरला. चौदाव्या लुईच्या पदरी असलेल्या मारँ मारेने ज्या वाद्यासाठी रचनांची पाच पुस्तकं छापली, ते वाद्य शंभर वर्षांत अडगळीत गेलं. 1787 मध्ये लंडनला कार्ल फ्रीडरिख आबेल वारला आणि थोर गांबावादकांची परंपरा संपल्यात जमा झाली. एकोणिसाव्या शतकात तिकीट काढून येणारा श्रोता वाढला, सभागृहं वाढली, आणि वाद्यांना ओरडायला शिकवलं गेलं. पियानोला लोखंडी चौकट आली. जुन्या व्हायोलिनांच्या माना लांब आणि तिरक्या करून तारांचा ताण वाढवला. आज वाजणाऱ्या स्त्रादिवारींपैकी जवळजवळ सगळ्यांवर ही शस्त्रक्रिया झालेली आहे.

पुढे आर्नल्ड डोल्मेच या माणसाने ल्यूट, क्लॅविकॉर्ड, गांबा ही वाद्यं पुन्हा स्वतःच्या हाताने बनवायला घेतली आणि 1925 साली इंग्लंडमधल्या हॅझलमियर गावात घरच्यासारखा महोत्सव सुरू केला. नेदरलँड्समध्ये गुस्ताफ लेओनहार्ट हार्पसिकॉर्ड घेऊन बसला, फ्रान्स ब्र्यूखनने बासरीला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि आता हेगच्या कॉन्झर्वेटरीत हे संगीत शिकायला जगभरातून मुलं येतात. गांबाबद्दल उत्सुकता वाटली तर ‘तू ले मतँ द्यू मोंद’ हा 1991 चा फ्रेंच सिनेमा जरूर पाहा. मारे आणि त्याचा एकांतप्रिय गुरू सँत-कोलोंब यांची गोष्ट आहे, आणि वादन जोर्दी सावाय यांचं.

गांबाहून हळू वाद्य म्हणजे क्लॅविकॉर्ड. टेबलावर मावेल एवढी पेटी. पट्टी दाबली की पितळेचं पातळ पातं तारेला टेकतं आणि बोट उचलेपर्यंत टेकूनच राहतं. त्यामुळे बोटाचा दाब कमी-जास्त करून लागलेला स्वर हलवता येतो. स्वराला आंदोलन देता येणारं हे पट्ट्यांचं वाद्य आपल्या गायकांनी एकदा तरी हाताळावं असं मला मनापासून वाटतं. आवाज इतका कमी की तीस-चाळीस माणसांपलीकडे तो पोचत नाही, एका खोकल्याने अख्खं वाक्य पुसलं जातं. 1772 मध्ये चार्ल्स बर्नी हा इंग्लिश संगीत-इतिहासकार हॅम्बुर्गला कार्ल फिलिप इमान्युएल बाखच्या घरी जेवायला गेला होता. जेवणानंतर यजमान क्लॅविकॉर्डवर बसला तो रात्री अकराच्या सुमाराला उठला. वाजवता वाजवता त्याचा खालचा ओठ लोंबायला लागला, चेहरा घामाने निथळला, असं बर्नीने लिहून ठेवलंय. युरोपातल्या कुठल्याही राजदरबारापेक्षा मला त्या रात्री हॅम्बुर्गच्या त्या घरात असायला आवडलं असतं.

उट्रेक्टच्या त्या दहा दिवसांत माझे कान बदलतात. पहिल्या दिवशी सगळंच हळू वाटतं, पुढे सरकून ऐकावं लागतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोच आवाज पुरेसा वाटतो. मग रस्त्यावरच्या हॉटेलातलं वाजतं संगीत अंगावर येतं.

अशा वेळी आपल्याकडच्या मैफली आठवतात आणि वाईट वाटतं. आपलं गाणं वाड्यांच्या दिवाणखान्यांत, देवळांच्या सभामंडपांत वाढलं. मोठ्या मांडवाला माइक लागणारच. हजारो लोक रात्रभर गाणं ऐकतात हे महाराष्ट्राचं वैभव आहे आणि ते राहिलंच पाहिजे. पण आता ऐंशी माणसांच्या हॉलमध्येही गायकापुढे माइक असतो, तबल्यापुढे दोन असतात आणि तंबोऱ्याचा आवाजही भिंतीवरच्या खोक्यातून येतो. मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं याचा आपल्याला अभिमान आहे. तिथला कारागीर जवारी लावताना घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा कानस फिरवतो, तारेखालचा दोरा केसभर सरकवतो. हे सगळं ज्या गुंजनासाठी चालतं, ते लाकडातून आणि भोपळ्यातून थेट कानावर आलं तरच पुरतं कळतं. तंबोऱ्यातून आपसूक उमटणारा गंधार आपल्या किती तरुण श्रोत्यांनी माइकशिवाय ऐकलाय?

दिवाळी पहाट आणि हिवाळ्यातल्या मैफलींची आखणी उट्रेक्टच्या महोत्सवाच्या सुमारासच होते. संगीत मंडळांना माझी विनंती आहे की, या हंगामात निदान एक बैठक माइकशिवाय करा. मोठं नाट्यगृह नको. जुना वाडा, शाळेचा दगडी हॉल, गोव्यातलं एखादं लहान चॅपल, जे गावात असेल ते चालेल. शंभराच्या वर माणसं घेऊ नका. पंखे बंद ठेवता येतील अशी वेळ निवडा. दोन चांगले तंबोरे आणा, त्यांना सूर लागायला हवा तेवढा वेळ द्या, आणि येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की मागे भिंतीला टेकून चालणार नाही, पुढे येऊन बसावं लागेल.