खोका खरं बोलतो

दिवाळी तोंडावर आली की अन्न व औषध प्रशासनाची माणसं गुजरातेतून नाशकात येणाऱ्या खासगी बसच्या डिकीत डोकावू लागतात. प्रवाशांच्या बॅगांमागे पुठ्ठ्याचे खोके सापडतात. वर ‘स्पेशल बर्फी’, ‘स्वीट हलवा’ असलं काहीतरी छापलेलं आणि घटकांच्या बारीक अक्षरांत वनस्पती तेल. माल जप्त होतो, पेपरात फोटो येतो आणि भेसळ पकडली म्हणून आपण निर्धास्त पेढे आणायला निघतो.

खरी गोम पुढे आहे. खोक्यावर पुष्कळदा खरंच लिहिलेलं असतं. लबाडी सुरू होते ती खोका फाडल्यावर. एखाद्या दुकानाच्या मागच्या खोलीत त्या गोळ्यात वेलची पडते, वर पिस्त्याचे काप बसतात आणि काचेमागे तो ‘शुद्ध खव्याचा’ होतो. लेबल गेलं रद्दीत.

पनीरचंही तेच. पाकिटावर ‘अ‍ॅनालॉग’, म्हणजे नकली, मेनूकार्डावर पनीर मसाला. मार्च २०२५ मध्ये आमदार विक्रम पाचपुते यांनी हा विषय विधानसभेत मांडला, तेव्हा अन्न व औषध प्रशासन खातं होतं आपल्या दिंडोरीच्या नरहरी झिरवाळांकडे.

२००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात मिथ्याछाप, म्हणजे खोटं लेबल लावलेल्या मालाला तीन लाखांपर्यंत दंड आहे. पण नमुना तपासणाऱ्या विश्लेषकाने अहवाल १४ दिवसांत द्यायचा. धनत्रयोदशीला नमुना घेतला तर अहवाल येईस्तोवर तुळशीचं लग्न. पेढे तोवर भाऊबीजेलाच संपलेले.

गिऱ्हाइकाला मात्र प्रयोगशाळेआधी हिशेब करता येतो. किलोभर खव्याला साधारण पाच लिटर म्हशीचं दूध आटवावं लागतं. लिटरला सत्तर रुपये धरा. गॅस, मजुरी वेगळी. मग दोनशे रुपये किलोने कुणी खवा देत असेल, तर तो धर्मादाय करतोय की आणखी काही, हे विचारायला कायदा लागत नाही. (हा हिशेब हलवायालाही येतो. म्हणून बिनपावतीच्या मालापुढे ‘आम्हालाही फसवलं’ हे मला पटत नाही.)

१ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेसमोर ‘कधीपर्यंत खावी’ ही तारीख लावणं सक्तीचं झालं. त्याच चिठ्ठीवर तारखेखाली आणखी एक ओळ सहज मावेल: दुधाचा खवा की वनस्पती तेल. डिकी तपासायला अधिकारी लागतात. ही ओळ रांगेतल्या कुठल्याही आजी वाचतील आणि दुकानदाराला भर गर्दीत जाब विचारतील.